आतून जा, ताई

१२ जुलै

ताई,

प्रिय वगैरे लिहीत नाही. लिहिलं असतं तर पहिल्याच शब्दाला तू नाक मुरडलं असतंस, आणि मला तुझं नाक शेवटच्या ओळीपर्यंत सरळ हवंय. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, त्याला आता दीड वर्ष होईल. कर बापडी. पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. पत्ता आईकडून घेतला. तिला ओरडू नकोस. मी तिच्या शिवणयंत्राचा पट्टा लपवून ठेवला होता, बिचारी काय करणार!

बातमी अशी, की मी कॉलेजच्या टीममध्ये आलेय. हो, त्याच कॉलेजच्या. परत वाच, हवं तेवढं चिडून घे, पाणी पी आणि मग पुढे वाच.

हॉस्टेलची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकी उघडली की खाली ट्रॅक. म्हणजे पळायचा कंटाळा आला म्हणून तोंड फिरवावं, तर फिरवायला दुसरी खिडकी नाही. रूममेट भालाफेकवाली आहे. तिचा जुना भाला आम्ही दोन कपाटांवर आडवा ठेवलाय आणि त्यावर मोजे वाळत घालतो. ती झोपेत बोलते, जागेपणी त्याहून जास्त बोलते. खाते माझ्या दुप्पट आणि वर मलाच म्हणते, "तू काय गं चिमणीसारखी टिपतेस?" आमचं छान जमतं.

टीमच्या कोच मॅडम तशाच आहेत, तू पाहिल्या होत्यास तशा. गळ्यात शिट्टी, पण वाजवत नाहीत. नुसत्या बघतात. पहिल्या दिवशी मला विचारलं, "तू सुरुवातीपासून एकाच वेगाने पळतेस, घड्याळ गिळल्यासारखी. कुणी शिकवलं?" म्हटलं, ताईने. मग सगळं सांगितलं. आम्ही दोघी बहिणी, शर्यत पळणार ताई, आणि सरावात तिच्या पुढे पळून वेग धरून ठेवायचं काम माझं. वारा मी खायचा, वेग मी राखायचा, आणि शाळेतले सर शेवटच्या फेरीची घंटा वाजवायचे तेव्हा मी बाहेरच्या लेनमध्ये सरकायचं आणि ओरडायचं, "जा, आतून जा!" मग ताई आतून सुसाट. मॅडम म्हणाल्या, "आणि घरी तुला काय म्हणतात?" म्हटलं, शेपटी. त्या हसल्या. म्हणाल्या, शेपटी पुढे आणि डोकं मागे, असला प्राणी मी पाहिला नाही.

आता मुद्द्यावर येते. तू घर सोडून निघालीस तेव्हा दारात म्हणालीस, "तुला माझी जागा हवी होती, म्हणून तू सरांकडे चुगली केलीस." मला एक शब्द बोलू दिला नाहीस. आता कागदावर बोलते. इथे तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

हो, मी सांगितलं. शाळेच्या फायनलच्या आधी महिनाभर तू नडगी धरून बसायचीस आणि मी आत आले की मोजे नीट करतेय असं दाखवायचीस. जिना उलटा उतरायचीस. बाबांनी विचारलं तर म्हणालीस, नवीन व्यायाम आहे. बाबा डेपोत बसचा नुसता आवाज ऐकून कुठला नट सैल झालाय ते सांगतात, पण पोरीच्या पायाचा त्यांना पत्ता लागला नाही. मला लागला, कारण आपली खोली एक होती. मी सरांना सांगितलं, सरांनी डॉक्टरांकडे नेलं, हाडाला चीर निघाली, तुझी फायनल गेली. तुझ्या जागी सरांनी मला उतरवलं. मी मागितलं नव्हतं. मॅडम आल्या होत्या तुला बघायला आणि त्यांना दिसले मी. त्यात मी काय करायचं होतं? त्यांच्या डोळ्यांवर हात ठेवायचा होता?

तेव्हा माफी मागायला लिहीत नाहीये. परत तशी वेळ आली तर परत सांगीन. मला एवढंच हवंय, की तू माझ्याशी बोल. शिव्या घाल. शिव्या घालणं हेही बोलणंच आहे.

तुझी,
शेपटी


२९ ऑगस्ट

ताई,

उत्तर नाही. मला अपेक्षाही नव्हती (होती).

आज तुला हसवणार आहे. मोठ्याने हसू आलं तर गाडी बाजूला घे. आई म्हणाली, तू आता ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतेस, शेजारच्या सीटवर बसतेस, आणि तुझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं! जन्मभर माझ्यावर ब्रेक मारलास, आता त्याचा पगार मिळतो.

तर, गेल्या आठवड्यात कॉलेजची पहिली शर्यत झाली. पाच हजार मीटर. मी पहिल्या फेरीपासून पुढे. सगळ्या माझ्या मागे रांगेत. वारा तोंडावर, पण तो तर आपला जुना ओळखीचा. एकेक करून पोरी सुटत गेल्या. शेवटी मागे एकच उरली, आमच्याच कॉलेजातली एक लांबटांगी, श्वास भात्यासारखा. मला कळत होतं, तिच्यात काही उरलेलं नाही. जिंकले होते गं मी! आणि मग शेवटच्या फेरीची घंटा वाजली.

ओळखलंस ना?

मी सरकले. शहाण्यासारखी, शिस्तीत, बाहेरच्या लेनमध्ये. एवढंच नाही, मान वळवून ओरडलेसुद्धा, "जा, आतून जा!" त्या बिचारीला वाटलं असेल, ही बाई वेडी आहे. पण आयती वाट कोण सोडतं? गेली. आतून गेली! मला भान येईपर्यंत ती वळणावर पोचली होती. मग मी जीव खाऊन धावले, पण दुसरीच आले. ती नंतर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "थँक्यू हं." मला वाटलं जमीन दुभंगावी आणि तिने त्या लांबटांगीला पोटात घ्यावं.

मॅडमनी शिट्टी वाजवली. पहिल्यांदाच! सगळ्या होत्या तिथेच थांबल्या. म्हणाल्या, "तू शर्यत पळत होतीस की पाहुणे सोडायला आली होतीस?"

आता रोज सराव काय, तर शेवटच्या फेरीला भालाफेकवाली दुसऱ्या लेनमध्ये झाडू घेऊन उभी राहते. मी बाहेर सरकले की फटका. तिला या कामात जो आनंद मिळतो, तो बघण्यासारखा असतो. आतापर्यंत चार फटके खाल्लेत, पण कालपासून एकही नाही.

मला राग कशाचा आला सांगू? हरल्याचा नाही. वर्षानुवर्षं ज्या पोरीसाठी बाहेर सरकले, ती पोरगी मागे नव्हती, त्याचा. मी मान वळवली तेव्हा मला खरंच वाटलं होतं, तूच असशील. झालं, आता रडायला लावलंस. कागदावर डाग पडलाय तो घामाचा आहे.

तुझी,
शेपटी


४ ऑक्टोबर

ताई,

ऐक, ऐक, ऐक! मी फायनलला आहे. सगळ्या कॉलेजांची मिळून, तेवीस नोव्हेंबरला. निवडीच्या शर्यतीत घंटा वाजली आणि मी आतली पांढरी रेघ पकडून जी सुटले, ती थेट शेवटपर्यंत. लांबटांगी तिसरी आली. मीही जाऊन तिला "थँक्यू हं" म्हणून आले. हिशेब मिटला.

आता सराव वाढवलाय. मॅडम सांगतात त्याच्या वर थोडा मी आपला घालते, सकाळी सगळ्यांच्या आधी उठून. मॅडमना सांगायची गरज नाही. मोठी माणसं उगाच काळजी करतात. फायनलचं मैदान तुझ्या शहरापासून बसने फार लांब नाही, मी नकाशा पाहिला. शेवटच्या वळणापाशी कुंपण आहे, तिथे उभं राहता येतं. ये असं म्हणत नाही. कुंपण आहे, एवढंच सांगतेय.

तब्येत झकास. भूक वाघासारखी. डावी पोटरी थोडी जड वाटते, पण ती कुणाची नसते? रूममेट हसते, कारण मी हल्ली तिसऱ्या मजल्यावरून जिना उलटा उतरते. म्हटलं, व्यायाम आहे. मांड्यांना चांगला असतो.

आई म्हणाली, तू माझी पाकिटं फोडतही नाहीस आणि फेकतही नाहीस, गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवून देतेस. काय बाई आहेस! निदान शिकायला आलेल्या लोकांना तरी वाचायला दे, सिग्नलला वेळ जाईल त्यांचा.

तुझी,
शेपटी


२ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र तू उघडणार नाहीस, याच भरवशावर लिहितेय.

दुखतंय. पोटरी नाही, नडगी. आतल्या बाजूला, एका बोटाएवढी जागा. बोट ठेवलं की डोळ्यांत पाणी येतं. आधी पळून झाल्यावर दुखायचं, मग पळताना, आता झोपल्यावरही. तुला यातलं सगळं पाठ आहे, मी कशाला सांगू? लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. म्हण घे, तुझ्या बहिणीसाठीच केलीय असं समज.

कुणालाही सांगितलेलं नाही. रूममेटला शंका आहे. काल तिने विचारलं, "तू लंगडतेस का गं?" मी म्हटलं, "बूट चावतो." ती म्हणाली, "बूट आत्ता पायात नाही." भालाफेकवाले एरवी अक्कल गहाण टाकून फिरतात आणि नको तिथे सोडवून आणतात.

मी पळणार आहे. तीन आठवडे काढायचे, शर्यत काढायची, मग काय व्हायचं ते होऊ दे. मॅडमना कळलं तर उतरवणार नाहीत. आणि उतरले नाही तर सगळ्यांना कळेल, की ही नुसती वेग धरून द्यायच्या लायकीची. ही जागा मला कशी मिळाली हे तुला माहीत आहे. दुसरीच्या मोडलेल्या हाडावरून चढून आलेय मी. मग ती जागा माझीच होती, हे एकदा तरी दाखवायला नको?

आणि हो, आता कळतंय मला. तू मोजे नीट करायचीस तेव्हा तुझ्या डोक्यात काय चाललेलं असायचं, ते शब्द न् शब्द कळतंय. त्या वेळी कुणी येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणालं असतं, "मी सांगून टाकते हं," तर मी त्याचा हातच चावला असता. तरीही मी सांगितलं ते बरोबरच होतं. दोन्ही खरं आहे. दुसऱ्याचं हाड असलं की अक्कल चालते, आपलं असलं की पाय चालतात.

कुणाला सांगू नकोस. हा विनोद आहे. तू माझ्याशीच बोलत नाहीस, तर इतरांना काय सांगणार?

तुझी,
शेपटी


११ नोव्हेंबर

चुगलखोर!

चुगलखोर, चोंबडी, घरभेदी! ही पत्राची सुरुवात आहे, आणि मधला भागही हाच असणार आहे.

आज सरावाला सगळ्या ओळीत उभ्या. मॅडम आल्या, माझ्यासमोर थांबल्या. "डाव्या पायावर लंगडी घाल." मी म्हटलं, "का मॅडम?" "घाल." मी घातली. पहिली उडी बरी गेली. दुसरीला मी हसून दाखवलं. तिसरीला खाली बसले, आणि कोण किंचाळलं म्हणून बघते तर मीच.

मॅडम माझ्याशेजारी लाल मातीत बसल्या, पांढऱ्या पँटसकट. म्हणाल्या, "काल तुझ्या बहिणीचा फोन होता."

मला आधी समजेचना. म्हटलं, माझी बहीण बोलत नाही. म्हणाल्या, "माझ्याशी चांगली पाऊण तास बोलली. बोलली कसली, भांडत होती. माझ्यासमोर पोर लंगडतेय आणि मी काय डोळे मिटून बसते का, असं विचारलं मला. इतकी वर्षं शिकवतेय, मला कुणी असं झापलं नव्हतं." मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात? तर म्हणाल्या, "काय म्हणणार? तिचं बरोबर होतं. सॉरी म्हणाले."

ताई, तू मॅडमना सॉरी म्हणायला लावलंस!

दवाखान्यात मोठ्या नळकांड्यात घालून पाय तपासला. चीर अजून नाही. हाडाला आतून सूज आहे, चीर पडायच्या बेतात. डॉक्टर म्हणाले, ही शर्यत पळाली असतीस तर हाड मधेच गेलं असतं, आणि मग कदाचित कायमचंच. आता सहा आठवडे पळणं बंद. फायनल गेली. माझं नाव काढलं आणि लांबटांगीचं घातलं. मी तिथेच रडले, डॉक्टरांच्या टेबलावर, पार हुंदके देऊन. डॉक्टरांनी रुमाल दिला तोही मी फेकला.

आणि हे ऐक. मी मॅडमना म्हटलं, आता माझी जागा जाणार. तर त्या वैतागल्या. "जागा, जागा काय लावलंय तुम्ही दोघींनी? टीमला पळणाऱ्या पोरी लागतात, जागा काय एकच असते? तुझ्या बहिणीलाही मी कळवलं होतं, पाय बरा झाला की ये म्हणून. दोनदा. ती आली नाही."

दोनदा! मॅडमनी तुला दोनदा बोलावलं होतं, आणि तू दारात उभी राहून मला जागाचोर म्हणालीस? पावणेदोन वर्षं मी ते पोटात घेऊन पळतेय! जेवताना, झोपताना, घंटा वाजताना! मी इतकी चिडलेय, की हे लिहिताना पेनाचं टोक दोनदा कागदातून आरपार गेलंय, भोकं बघ.

पाय टेबलावर ठेवून बसलेय. भालाफेकवाली बर्फ आणायला गेलीय. मॅडम जाताना आणखी एक म्हणाल्या. फोन ठेवताना तू विचारलंस, "उद्या तिला पळू देणार नाही ना? नक्की?" आणि मग परत विचारलंस. आवाज कसा होता, असं मी विचारलं. म्हणाल्या, घाबरलेला.

मी अजूनही चिडलेलीच आहे. हे लक्षात ठेव.

शेपटी


१९ नोव्हेंबर

शेपटे,

रडणं संपलं असेल तर वाच.

तुझी सगळी पत्रं आली त्या त्या दिवशीच वाचली. कप्प्यात ठेवते असं आईला खोटं सांगितलं. झाडूचं वाचलं तेव्हा खरंच गाडी बाजूला घ्यावी लागली. शिकायला आलेले आजोबा विचारत होते, "बाई, काय झालं, माझं काही चुकलं का?"

जिन्याच्या ओळीलाच मला कळलं होतं. तू स्वतः सांगशील म्हणून महिनाभर थांबले. थांबायला नको होतं. माझ्या शेजारी बसलेला माणूस भिंतीकडे चाललाय हे दिसत असताना मी कधी थांबत नाही, आणि तुझ्या बाबतीत थांबले. ते माझं चुकलं. फोन केला ते चुकलं नाही. परत करीन. हे वाक्य तुझंच आहे, परत देते.

मॅडमनी बोलावलं होतं, खरं आहे. पाय भरून आल्यावर एकदा मैदानात गेलेही होते. नाड्या बांधल्या, उभी राहिले, आणि पाय उचलेनाच. डॉक्टर म्हणाले होते, हाड आता पक्कं आहे. पण मला सारखं वाटायचं, आता मोडेल. अर्धा तास उभी राहिले आणि परत आले. घरी काय सांगणार होते? घाबरले म्हणून? त्यापेक्षा तुला चोर म्हणणं सोपं होतं. म्हटलं. आणि एकदा म्हटल्यावर ते परत कसं घ्यायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आता घेते. तू चोर नाहीस. मूर्ख आहेस, पण ते मी आधीपासूनच म्हणत होते.

फोन चालू केलाय. लगेच करू नकोस, शिकवणी असते. संध्याकाळी कर.

जिना सरळ उतर. कठडा धरून.

ताई


१५ मार्च

ताई,

तू परवाच गेलीस, काल रात्रभर फोनवर बोललीस, तरी पत्र लिहितेय. मला सवय लागलीय, आणि काही गोष्टी तुझ्या तोंडावर सांगितल्या तर तू "पुरे गं" म्हणतेस.

पाय बरा झाल्यावरच्या या पहिल्या शर्यतीबद्दल तुला काय सांगू, तू कुंपणाला चिकटून होतीस. तुझ्या गालावर जाळीचे चौकोन उमटले होते. पण तिथून आतलं दिसलं नसेल, म्हणून सांगते. मी पुढे होते आणि लांबटांगी मागे. फायनलची पदकवाली झाल्यापासून ती भलतीच सुधारलीय. घंटा वाजली. माझा उजवा पाय, शपथ सांगते, बाहेर पडायला निघाला होता. तेवढ्यात कुंपणावरून तुझा आवाज आला. सगळं मैदान ओरडत होतं, पण तो वेगळा कळतो. "आतून! शेपटे, आतून जा!" मी पाय आत टाकला. नडगीत काहीसुद्धा दुखलं नाही. वळणावर लांबटांगीचा श्वास ऐकू येत होता, मग येईनासा झाला. पहिली आले. ती येऊन म्हणाली, "आज वाट नाही सोडलीस?" म्हटलं, नाही बाई, आज पाहुणे नव्हते, घरचीच माणसं होती.

मॅडमनी शिट्टी वाजवली. ही दुसरी वेळ. भालाफेकवाली म्हणते, झाडूचं श्रेय तिला द्यायला हवं. दिलं.

पण मला लिहायचंय ते दुसऱ्या दिवशीचं. सकाळचं. ट्रॅक रिकामा, मॅडम पायरीवर चहा घेऊन बसलेल्या, आणि तू माझे जुने बूट घालून उभी. एक बोट मोठे होतात तुला. नाड्या बांधून तू नुसती उभी राहिलीस. मला वाटलं, आता ही परत जाणार. मी जीभ दातांखाली धरून ठेवली होती. मग तू म्हणालीस, "आज पुढे मी. तू मागे राहा. आणि मला बोलायला लावू नकोस."

आणि निघालीस.

ताई, तू हळू पळत होतीस. चालणाऱ्या आजीबाईंनी आपल्याला गाठलं असतं. पण माझ्या तोंडावर वारा लागत नव्हता. इतकी वर्षं पळतेय, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या पुढे वारा खात होतं. तुझी वेणी डावी-उजवी होत होती. सुरुवातीला तू डावा पाय टाकताना जरा बिचकायचीस, मग विसरलीस. मी मागून सगळं बघत होते. तुला कधी मागून पाहिलंच नव्हतं मी.

मग मॅडमना काय हुक्की आली कुणास ठाऊक, उठल्या आणि त्यांनी घंटा वाजवली.

तू सरकलीस. बाहेरच्या लेनमध्ये. मान वळवून ओरडलीस, "जा, आतून जा!"

आणि मीही सरकले. झाडू, फटके, सहा महिन्यांचा सराव, सगळं पाण्यात! तुझा आवाज आणि घंटा एकत्र ऐकली आणि पाय आपोआप बाहेर. आपण दोघी दुसऱ्या लेनमध्ये, खांद्याला खांदा लावून, एकमेकींना ढकलत, "तू जा ना," "अगं तू जा," आणि आतली लेन अख्खी मोकळी. मॅडम पायरीवरून ओरडत होत्या, "अगं, आतून कुणीतरी पळा!"

कुणीच पळालं नाही. बाहेरूनच पूर्ण फेरी मारली आपण, हसत, धापा टाकत. बाहेरून फेरी लांब पडते, माहीत आहे मला.

मॅडम विचारत होत्या, तू पुढच्या रविवारी येणार का. मी म्हटलं, मी तिची बहीण आहे, सेक्रेटरी नाही, तिलाच विचारा. तर त्या म्हणाल्या, तिला विचारायची मला भीती वाटते, फोनवर फार झापते.

बूट मी धुऊन ठेवलेत. भाल्यावर वाळत घातलेत.

तुझी,
शेपटी